डार्विनचे बिऱ्हाड

१८४२ सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या अप्पर गॉवर स्ट्रीटवरील १२ क्रमांकाच्या घरातून एक बिऱ्हाड हलले. घरधनी ३३ वर्षांचा, पोटाच्या दुखण्याने गांजलेला. घरधनीण त्याच्याहून काही महिन्यांनी मोठी आणि दिवस अगदी भरत आलेले. पदरी दोन मुले. थोरल्याला अजून तिसरे वर्ष सरायचे होते, धाकटी दीड वर्षांची. सामानात खुर्च्या-मेजे, भांडीकुंडी, लग्नात माहेरहून मिळालेला पियानो, पुस्तकांच्या पेट्या आणि दूरदेशीच्या किनाऱ्यांवरून गोळा करून आणलेले दगडधोंडे. शिवाय कुठल्याशा पेटीत शिसपेन्सिलीने खरडलेली ३५ पाने होती. चार्ल्स डार्विनचे चरित्र सांगताना गलापागोस बेटांवरच्या कासवांचे आणि पक्ष्यांचे जितके कौतुक होते, तितके या स्थलांतराचे होत नाही. वास्तविक जहाजावर त्याची पाच वर्षे गेली, आणि या नव्या घरात ४० वर्षे.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित वैद्य आणि त्याहून हुशार सावकार. गावाबाहेर नदीकाठच्या उंचवट्यावर त्यांनी बांधलेले ‘द माऊंट’ हे प्रशस्त घर म्हणजे चार्ल्सचे जन्मस्थान. आठव्या वर्षी आई गेली. थोरल्या बहिणींनी त्याला वाढवले. वडिलांच्या इच्छेखातर तो एडिनबर्गला वैद्यक शिकायला गेला, पण भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला पाहवेनात. मग केंब्रिजला धर्मोपदेशक होण्यासाठी पाठवणी झाली. तिथे कीटक गोळा करण्याच्या नादात पदवी पदरात पडली आणि १८३१ च्या डिसेंबरात तो ‘बीगल’ जहाजावर चढला. ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला तेव्हा तो जन्माची शिदोरी घेऊन आला होता. पुन्हा ब्रिटनबाहेर तो कधीच गेला नाही.

परतल्यावर काही महिने केंब्रिज, मग लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर भाड्याची जागा. जुलै १८३७ मध्ये त्याने एक वही उघडली. सजीवांच्या जाती निर्मात्याने एकदाच घडवून ठेवलेल्या नाहीत, त्या बदलत जातात, हा विचार तो त्या वहीत गुपचूप टिपू लागला. पुढच्या वर्षी माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचनात आला. जन्मणारे सगळेच जगत नाहीत, जगण्यासाठी झुंज चालते, आणि त्या झुंजीत उपयोगी पडणारे बारीकसारीक फरक टिकून राहतात, हे सूत्र हाती लागले. त्याच वर्षी त्याने लग्न करावे की करू नये याचा जमाखर्चही कागदावर मांडला. एका बाजूला वेळेचा अपव्यय आणि पाहुण्यांचा त्रास, दुसऱ्या बाजूला म्हातारपणीची सोबत. बेरीज लग्नाच्या बाजूने आली. मामाची मुलगी एम्मा वेजवुड हिच्याशी २९ जानेवारी १८३९ रोजी त्याचे लग्न झाले. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट आपल्या वाचकांना नवलाची वाटणार नाही. डार्विनला मात्र पुढे आपल्या मुलांच्या आजारपणात या जवळच्या नात्याची धास्ती आयुष्यभर छळत राहिली.

गॉवर स्ट्रीटचे घर लग्नाआधीच भाड्याने घेतले होते. पडदे, भिंती आणि सामान यांचे रंग इतके भडक की डार्विनने त्या घराला मकाव पोपटाचे नाव ठेवले. तिथे राहायला जाताना आपल्याच सामानाचा पसारा पाहून तो चकित झाला होता, आणि दगडांच्या पेट्या उचलणारे हमाल त्याहून अधिक. या घरात विल्यम आणि ॲनी ही दोन मुले जन्मली. प्रवाळबेटांवरचे पुस्तक इथेच पुरे झाले. पण इथेच प्रकृतीने दगा दिला. ओकाऱ्या, धडधड, थकवा. कोणी भेटायला आले, जरा बोलणे रंगले की रात्र तळमळत जाई. विद्वानांच्या सभा, मेजवान्या आणि कोळशाचा धूर यांपासून लांब गेल्याशिवाय काम होणार नाही, हे त्याने ओळखले. एम्माही खेड्यात वाढलेली. मुलांना मोकळी हवा हवी असे तिलाही वाटे.

घर शोधण्यात वर्षाहून अधिक काळ गेला. लंडनपासून फार लांब नको, कारण ग्रंथालये आणि मित्र तिथे. फार जवळही नको. १८४२ च्या उन्हाळ्यात ही दोघे मुलांसह एम्माच्या माहेरी आणि मग श्रूजबरीला जाऊन राहिली. त्या दोन महिन्यांत डार्विनने पहिल्यांदाच आपल्या सिद्धान्ताचा सलग आराखडा पेन्सिलीने लिहून काढला; वर सांगितलेली ३५ पाने ती हीच. लंडनला परतून काही दिवस होतात न होतात तोच, २२ जुलैला, ती दोघे केंट परगण्यातले डाऊन नावाचे खेडे पाहायला निघाली.

दिवस ढगाळ, ईशान्येचा बोचरा वारा. गाव म्हणजे ४० एक घरे, मध्ये अक्रोडाचे झाड, एक जुने चर्च आणि चहूकडे जाणाऱ्या पाऊलवाटा. सेंट पॉल चर्चपासून अंतर १६ मैल. पण रेल्वे गावापर्यंत नव्हती, आणि जवळच्या स्थानकापासून पुढचे आठ-साडेआठ मैल चढउताराचे. आजूबाजूचा चुनखडीचा उघडा माळ पाहून एम्मा प्रथम हिरमुसली. घर मात्र तिला नवऱ्यापेक्षा अधिक आवडले. डार्विनने बहिणीला पाठवलेल्या पत्रात त्या घराचे गुणदोष एखाद्या नमुन्याचे वर्णन करावे तसे उतरवले आहेत. अठराव्या शतकातले तीन मजली चौकोनी बांधकाम, भिंती दोन फूट जाड, खिडक्या लहान. एकूण कुरूप, आणि नवेही वाटत नाही, जुनेही वाटत नाही. मात्र अभ्यासाची खोली १८ फूट लांब, १८ फूट रुंद. निजायच्या खोल्या हव्या तितक्या. आणि घरामागे मोठे गवताळ शेत. या घरात पूर्वी गावचे पाद्री राहत होते.

घर सुमारे २,२०० पौंडांना मिळाले आणि पैसे वडिलांनी दिले. हा तपशील चरित्रकार ओझरता सांगतात, पण तो महत्त्वाचा आहे. डार्विनने आयुष्यात कधी नोकरी केली नाही, त्याला करावी लागली नाही. वीस-वीस वर्षे एक विचार मुरवत ठेवण्याची चैन त्याच्या बुद्धीला परवडली, त्याचे कारण श्रूजबरीच्या त्या हिशेबी डॉक्टरची तिजोरी. त्याचा मोठेपणा याने कमी होत नाही. पण ज्याच्यापाशी असे वडील नव्हते तो आल्फ्रेड वॉलेस मलायातल्या बेटांवर पक्ष्यांचे नमुने विकून पोट भरत होता, हे विसरू नये. त्याची गाठ पुढे पडेलच.

त्या ऑगस्टमध्ये इंग्लंड पेटलेले होते. मजुरीतील कपातीविरुद्ध उत्तरेकडच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, मताधिकार मागणारे चार्टिस्ट रस्त्यावर उतरले होते, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी लंडनहून फौजा रवाना होत होत्या. त्या ज्या युस्टन स्थानकावरून निघत ते गॉवर स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर. अशा दिवसांत पेट्या भरल्या जात होत्या. १४ सप्टेंबरला एम्मा मुलांना घेऊन डाऊनला गेली; मागची आवराआवर करून तीन दिवसांनी डार्विन पोहोचला. पार्सलो हा विश्वासू बटलर लंडनहून बरोबर आला, आणि नंतर तीस-पस्तीस वर्षे त्या घरातच राबला.

नव्या घरात पाऊल टाकून नऊ दिवस झाले आणि २३ सप्टेंबरला एम्मा प्रसूत झाली. मुलगी. नाव मेरी एलिनॉर. ती अशक्त होती; तीन आठवडे जगली आणि १६ ऑक्टोबरला गेली. गावच्या चर्चच्या आवारात तिला पुरले. ज्या गावात अजून शेजाऱ्यांची नावेही नीट पाठ झालेली नव्हती, त्या गावच्या मातीत या कुटुंबाची पहिली वस्तू रुजली ती ही. घराच्या वास्तूशी माणसाचे नाते जुळायला किती काळ लागतो याचे काही गणित नाही. एम्मासाठी मात्र डाऊन हे गाव त्या एका महिन्यात परके राहिले नाही. तिने शोकाबद्दल फारसे लिहून ठेवलेले नाही. हाती दोन मुले होती आणि घर लावायचे होते.

घर लावण्याचे काम मग डार्विनने हौसेने अंगावर घेतले. लग्न करून पाहिले होतेच, आता घर बांधून पाहण्याचा अनुभव आला. घरासमोरून जाणाऱ्या वाटेवरून येणाजाणाऱ्याला थेट खिडकीत डोकावता येई. हे त्याला सोसवेना. त्याने पदरच्या खर्चाने ती वाट सुमारे दोन फूट खोल खणून घेतली आणि कडेला गारगोट्यांची भिंत उभारली. निघालेल्या मातीचे बागेत उंचवटे केले. मागच्या बाजूला तिन्ही मजल्यांवर पुढे आलेल्या मोठ्या खिडक्या काढल्या. पुढे मुले वाढली तशा खोल्या वाढल्या, स्वयंपाकघर वाढले. अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर त्याने एक आरसा बसवला, म्हणजे दाराशी कोण आले ते आतून दिसे. भेटीला येणाऱ्यांचे स्वागत करण्यापेक्षा त्यांना चुकवण्याची सोय त्याने अधिक पाहिली, असे म्हणावेसे वाटते. पण आल्या पाहुण्याशी तो अतिशय ममतेने वागे, अशी सगळ्यांची साक्ष आहे.

आणि बिऱ्हाड हलवून तीनच महिने झाले असतील, २० डिसेंबर १८४२ रोजी, त्याने घराजवळच्या एका कुरणाच्या तुकड्यावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. गांडुळे जमिनीखालची माती वर आणून टाकतात, त्यामुळे वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात, असे त्याचे म्हणणे होते. किती काळात किती खाली जातात ते पाहायचे होते. घरातले तान्हे जाऊन दोन महिने झालेल्या, पुरते सावरलेही नसलेल्या माणसाने हा प्रयोग मांडला, ज्याचे उत्तर वर्षांनी नव्हे, दशकांनी मिळणार होते. या घरातून आपण आता हलणार नाही, हे त्याने त्या दिवशी मनाशी ठरवून टाकले असावे.

डाऊनमधला दिनक्रम घड्याळासारखा चाले. पहाटे फेरफटका, मग काम, मग पत्रे, मग एम्माने वाचून दाखवलेली कादंबरी. १८४६ मध्ये शेजारच्या लबक कुटुंबाकडून दीड एकराची पट्टी भाड्याने घेऊन त्याने तिथे झाडे लावली आणि भोवती रेतीची वाट केली. दुपारी त्या वाटेवर त्याच्या फेऱ्या होत. किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब चुकू नये म्हणून वळणावर गारगोट्यांचा ढीग रचायचा आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने बाजूला सारायची. मुले मध्येच येऊन खेळत, तो थांबून त्यांचा खेळ पाही. रात्री नवराबायको बॅकगॅमन खेळत आणि कोण किती डाव जिंकले याची नोंद वर्षानुवर्षे ठेवीत. गावाशीही त्याने अंग चोरले नाही. मजुरांच्या साहाय्यक मंडळाचा तो ३० वर्षे खजिनदार होता. पुढे स्थानिक न्यायदंडाधिकारीही झाला.

पेन्सिलीच्या पानांचे काय झाले? १८४४ मध्ये त्यांचा विस्तार करून २३० पानांचा निबंध तयार झाला. आपण अचानक मेलो तर हा निबंध छापावा आणि त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत, असे पत्र त्याने एम्माच्या नावाने लिहून ठेवले. एम्मा श्रद्धाळू होती. आपल्या नवऱ्याच्या विचारांनी मरणानंतर आपली ताटातूट होईल की काय, ही काळजी तिने लग्नानंतर लगेच त्याला पत्राने कळवली होती. ज्या विचाराने तिचे मन दुखावत होते, तो जगापुढे आणण्याची जबाबदारी त्याने तिच्यावरच टाकली, आणि ती ती पार पाडील याबद्दल त्याला शंका नव्हती. त्या संसाराबद्दल याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

निबंध बाजूला ठेवून त्याने बार्नॅकल या खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्रजीवांचा अभ्यास हाती घेतला. त्यात आठ वर्षे गेली. घरातल्या एका मुलाने शेजाऱ्यांकडे खेळताना, तुमचे वडील त्यांचे बार्नॅकल कुठे बसून करतात, असे विचारल्याची गोष्ट सांगतात. वडील नावाच्या प्राण्याचा तो नित्याचा उद्योगच असावा, अशी त्या पोराची समजूत.

१८५१ मध्ये लाडकी ॲनी आजारी पडली. जलोपचारासाठी डार्विन तिला मॉल्व्हर्नला घेऊन गेला. एम्माचे दिवस पुन्हा भरत आले होते, तिला डाऊनहून हलता आले नाही. टपालाने येणाऱ्या बातमीवर ती दिवस काढत होती. २३ एप्रिलला ॲनी गेली. वय दहा. तिला मॉल्व्हर्नलाच पुरले. तिची लिहिण्याची छोटी पेटी, त्यातली टाक-दौत आणि कागद एम्माने मरेपर्यंत जपून ठेवले. त्या कुटुंबात दहा मुले जन्मली, सात मोठी झाली. निवडीच्या निष्ठुर नियमाबद्दल लिहिणाऱ्या या माणसाला तो नियम पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

१८५८ च्या जूनमध्ये टपालाने वॉलेसचा निबंध आला. जो विचार आपण वीस वर्षे उराशी धरला, तोच दुसऱ्याच्या हस्ताक्षरात समोर. त्याच दिवसांत घरात स्कार्लेट तापाने शिरकाव केला होता आणि २८ जूनला दीड वर्षाचा धाकटा चार्ल्स वेअरिंग दगावला. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेस हजारो मैलांवर होता, डार्विन डाऊनला मुलाच्या दुःखात. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती. त्यानंतरच्या गदारोळाची हकीकत सर्वज्ञात आहे. खुद्द डार्विन त्या वादांच्या सभांना गेला नाही. तो डाऊनला ऑर्किडच्या फुलांची परागीभवनाची तऱ्हा पाहत बसला.

श्रूजबरीचे जन्मघर एव्हाना परक्याचे झाले होते. वडील १८४८ मध्ये वारले, तेव्हा आजारपणामुळे डार्विन अंत्यविधीलाही वेळेवर पोहोचू शकला नव्हता. १८६६ मध्ये तिथे राहणारी बहीण गेली आणि घर मोडले. १८६९ मध्ये तो एकदा ते पाहायला गेला. नवे मालक मोठ्या अगत्याने खोलीमागून खोली दाखवत सतत बरोबर राहिले. परतताना तो हळहळून म्हणाला की तिथल्या काचघरात पाच मिनिटे एकट्याला राहू दिले असते, तर चाकाच्या खुर्चीतले वडील जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले असते.

१८७१ च्या नोव्हेंबरअखेर त्याने डाऊनच्या त्या कुरणात चर खणवला. २९ वर्षांपूर्वी पसरलेले खडूचे तुकडे जमिनीखाली सात इंचांवर पांढऱ्या रेघेसारखे दिसले. वर्षाला पाव इंचाहूनही कमी. या निरीक्षणांचे पुस्तक १८८१ मध्ये निघाले, तेच त्याचे शेवटचे. त्यासाठी कुंड्यांत गांडुळे पाळून, त्यांना ऐकू येते का हे पाहायला एम्मा पियानो वाजवी आणि मुलगा फ्रान्सिस बसून वाजवी. पियानो अर्थात गॉवर स्ट्रीटहून आलेला. गांडुळांना ऐकू येत नाही असे ठरले. कुंड्या पियानोवरच ठेवल्या तेव्हा मात्र कंपनांनी ती बिळात शिरली.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाऊनच्या घरातच डार्विनने प्राण सोडला. मेरी एलिनॉर आणि धाकटा चार्ल्स जिथे होते त्या गावच्या आवारातच आपल्यालाही जागा मिळावी, अशी त्याची अपेक्षा होती; गावकऱ्यांचीही. पण मित्रांनी आणि संसदेतल्या मंडळींनी सूत्रे हलवली आणि २६ एप्रिलला त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेऊन पुरले. एम्मा लंडनला त्या सोहळ्यासाठी गेली नाही. ती डाऊनलाच राहिली.

पुढे ती हिवाळे केंब्रिजला मुलांजवळ काढी आणि उन्हाळ्यात डाऊनला येई. २ ऑक्टोबर १८९६ रोजी ती तिथेच वारली आणि गावच्या चर्चपाशी तिला मूठमाती मिळाली. मग मुलांनी घर रिकामे करायला घेतले. ५४ वर्षांचा संसार. जिन्याखाली एक कपाट होते. त्यात मोलाचे कागद कोणी ठेवत नसे. टाकून द्यायला जीव होत नाही असे काहीबाही तिथे कोंबलेले असे. त्या अडगळीत १८४२ च्या उन्हाळ्यातली पेन्सिलीची ती पाने सापडली. अक्षर घाईचे, वाक्ये अर्धवट, बरेचसे खोडलेले. फ्रान्सिसने ती लावून, उलगडून १९०९ मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, छापून काढली. तोवर डाऊनचे घर भाड्याने गेले होते, आणि तिथे मुलींची शाळा भरत होती.